कुडामागे लपू नका

भात पोटरीत आला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रानडुकरांपासून रात्रीची राखण सुरू होते. माळ्यावर एक जण, शेकोटीपाशी दोघे, आणि कुठेतरी पेंढ्यात दडवलेली ठासणीची बंदूक. दादांनो, त्या बंदुकीबद्दलच चार शब्द.

"बार चुकला तर मातीत जिरेल," असं आपण सहज म्हणतो. माती मधे असेल तर खरंच जिरतो. उन्हाळ्याआधी वनराई बंधाऱ्यासाठी ज्या गोण्या आपण माती-वाळूने भरतो, तशाच गोण्या जवान मोर्च्यावर रचतात. हातभर जाडीची कोरडी वाळू रायफलीची गोळीसुद्धा बहुधा पोटात घेते. गोळीला पुढे जायचं तर कण बाजूला सारावे लागतात, ते कण शेजारच्यांना रेटतात, आणि सगळा जोर त्या घासाघाशीत संपतो. गंमत म्हणजे फार वेगाची गोळी वाळूत वाकते, फुटते आणि कधी कधी हळू गोळीपेक्षा लवकर थांबते. मातीच्या तटांचंही तसंच: १८०५ साली यशवंतराव होळकर भरतपूरच्या आसऱ्याला होते, तेव्हा इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने तिथल्या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा हात चोळत मागे फिरला.

पण ओली माती तेवढी भरवशाची नाही. सैन्यात मातीची जी जाडी धरतात, ती माती भिजलेली असली की दुप्पट करतात. आपली राखण तर बांध अजून ओले असतानाच सुरू होते.

आणि कूड? कारवीच्या काठ्या, वर दोन बोटं शेणमाती. वारा अडतो, गोळी अडत नाही. पत्र्याचंही तेच, पेंढ्याच्या उडवीचंही तेच. कुडापलीकडे पोरं झोपलेली असतात, हे बार टाकणाऱ्याला अंधारात दिसत नाही. कातळ तर आणखी वाईट: गोळी त्यावरून उसळून भलतीकडेच जाते, आणि मोखाड्यात कातळाला काय तोटा!

२०२५ च्या जानेवारीअखेर खाली मनोरकडे बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. तो गेला. वरून मृतदेहही लपवला गेला. मग पोलीस, अटक, घरांची वाताहत. एका डुकरापायी.

म्हणून बंदूक घरातून काढा. विनापरवाना असेल तर तो गुन्हाच आहे. डुकराने पीक तुडवलं तर वनरक्षकाला लगेच कळवा, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवा, फोटो काढा. भरपाई उशिरा येते, हे मलाही ठाऊक आहे. तरी अर्ज टाकाच.

रात्री जवळपास बार ऐकू आला तर कुडाआड उभे राहू नका. जाड बांधाच्या पलीकडे आडवे व्हा आणि माणूस आहे म्हणून मोठ्याने हाळी द्या. एरवीही राखणीला जाताना बॅटरी पेटती ठेवा, डबा वाजवत, बोलत चला. बाजूच्या शेतात कोण जागतंय, ते संध्याकाळीच विचारून ठेवा.