आकार गरजेतून यावा
शिकागोतील जॉन हॅनकॉक सेंटर हा शंभर मजली मनोरा १९६९ मध्ये उभा राहिला. खाली दुकाने व वाहनतळ, मध्ये कार्यालये, वर घरे. कार्यालयांना प्रशस्त मजले लागतात, घरांना खिडकीलगतच्या खोल्या. म्हणून वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम यांची ही इमारत वर निमुळती होत जाते. ढाक्यात शिकलेले अभियंते फझलूर खान यांनी वाऱ्याचा भार दर्शनी भागावरील तिरप्या पोलादी तुळयांवर सोपवला आणि पोलादाची मोठी बचत केली. गरजेतून आकार ठरला, हेच या वास्तूचे मोठेपण. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभारणाऱ्यांनी ते ओळखावे. चटईक्षेत्राच्या हिशेबाआधी राहणाऱ्यांच्या उजेडाचा, वाऱ्याचा आणि वावराचा विचार झालाच पाहिजे.