सुखतळा कोणाच्या सुखासाठी?

चपलेच्या किंवा बुटाच्या आत, थेट पायाला लागणाऱ्या तळाला आपल्याकडे 'सुखतळा' म्हणतात. किती छान शब्द! आता त्यालाच 'कस्टम इनसोल' म्हणायचं आणि हजारो रुपये मोजायचे. माझं भांडण शब्दाशी नाही, पैशांशीही फारसं नाही. कशाशी आहे ते सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत 'मोफत पाय तपासणी शिबिर' झालं. इनसोल विकणारी मंडळीच यंत्र घेऊन आली होती. त्यावर उभं राहिलं की पडद्यावर लाल, पिवळी, निळी पावलं उमटायची. आम्ही बावीस जण उभे राहिलो आणि बावीसच्या बावीस जणांच्या पायांत दोष निघाला! कुणाची कमान बसलेली, कुणाची जास्त उंच, कुणाचा भार डावीकडे. जन्मभर मास्तरकी केल्यावर एवढं कळतं, की सगळा वर्ग नापास झाला तर आधी परीक्षकाकडे बघावं. त्यातून परीक्षकच बाहेर गाइड विकत असेल तर बोलायलाच नको.

शेजारच्या चार वर्षांच्या नातीचे पाय म्हणे सपाट. अहो, त्या वयात ते असतातच. बहुतेक मुलांची कमान वाढत्या वयात आपोआप तयार होते. १९९२ साली आपल्याच देशातल्या २३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के! अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लहान मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल घालायला दिले. ते न घालणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या कमानीत काही वेगळा फरक पडला नाही. पाय दुखत असेल, ताठर असेल तर डॉक्टरांकडे जरूर जावं. पण हसत-उड्या मारणाऱ्या पोरीला आजारी कशाला ठरवायचं?

टाचदुखीचंही तसंच. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ती आमच्या वयात घरोघरी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात काहींना मापाचे इनसोल दिले, काहींना तयार, तर काहींना नुसता मऊ फोम. तीन महिन्यांनी पहिल्या दोन्ही गटांना थोडा फायदा दिसला, म्हणजे तयार आणि मापाचे सारखेच. वर्षाअखेरीला तिन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. पोटरीला ताण देणारे व्यायाम, मऊ तळाची चप्पल आणि धीर यांवर बहुतेकांचं भागतं. पण धीर विकता येत नाही ना!

मग मापाचे सुखतळे निरुपयोगी? मुळीच नाही. माप घेऊन अवयवाला आधार देण्याची विद्या पुण्याला नवी नाही. वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांच्या पायांना जखमा होतात त्या बधिर पायावर पडणाऱ्या दाबामुळे, वेदनाच कळत नाही म्हणून, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यातून मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या. सरकारी कार्यक्रमात त्या कुष्ठरुग्णांना मोफत मिळतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांनाही असाच, दाब वाटून घेणारा तळ लागतो. तिथे सुखतळा पाय वाचवतो.

आणि नेमकं इथेच माझं डोकं फिरतं. त्या शिबिरात माझे मेव्हणेही होते. पंधरा वर्षांचा मधुमेह. त्यांना कुणी साखर विचारली नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून 'कळतंय का?' विचारायचं, एवढी साधी तपासणीसुद्धा केली नाही. कमानीला आधार म्हणून जाड इनसोल गळ्यात मारला. तो त्यांनी जुन्याच बुटात घातला, बूट घट्ट झाला आणि करंगळी घासत राहिली. त्यांना कळलंच नाही. मोजा ओला दिसला तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं. दोन महिने ड्रेसिंग चाललं. करंगळी वाचली, हे नशीब.

म्हणजे ज्यांना गरज नव्हती अशा वीस-एकवीस जणांत दोष सापडला आणि ज्याला खरंच धोका होता त्याचा धोका तेवढा दिसला नाही. यंत्राला दाब दिसतो, माणूस दिसत नाही. तो बघायचं काम तपासणाऱ्याचं; आणि तपासणाराच विकणारा असला की त्याची नजर पावलावरून खिशाकडे जाते.

यंदा पुन्हा शिबिराचं पत्र आलंय. मी कमिटीला सांगितलंय, या म्हणावं, पण विक्रीची पेटी घरी ठेवून. सोबत डॉक्टर आणा, आधी 'दुखतं का?' आणि 'साखर आहे का?' हे दोन प्रश्न विचारा, मग यंत्र लावा. अजून उत्तर आलेलं नाही.

तुमच्या सोसायटीत आले तर तुम्हीही विचारून बघा. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे तेवढे बघा. त्याला पैसे पडत नाहीत.