आधी अभ्यास, मग कमाई

मंडळी, आमच्या नातीने कोरियन भाषा शिकायला सेऊलला जायचे ठरवले. "आजोबा, तिथे फावल्या वेळात काम करून फी भागेल," असे तिला एका एजंटाने पटवले होते. मग मीच तिच्याबरोबर बसून नियम वाचले.

पदवीसाठी डी-२ व्हिसा, नुसती भाषा शिकायची तर डी-४-१. या दुसऱ्या व्हिसावर पहिले सहा महिने काम करता येत नाही. नंतरही इमिग्रेशन कार्यालयाची परवानगी लागते. व्हिसा वाढवताना वर्गातली हजेरी पाहतात. बँकेत पुरेसे पैसे आहेत, हे तर निघण्यापूर्वीच दाखवायचे.

आमचे चिरंजीव म्हणतात, नियम जाचक आहेत. मला मात्र ते पटले. तिथल्या विद्यापीठांत दहा आठवड्यांच्या सत्रात साधारण २०० तास शिकवतात, म्हणजे रोज चार तास. दिवसभर राबून वर्गात पेंगणारी मुले मी रात्रशाळेत पाहिली आहेत. दोष त्यांचा नव्हता, पण भाषा अशी येत नाही.

मग गरिबाच्या मुलाने काय करावे? प्रश्न खरा आहे. पण त्याला खोटी आशा दाखवून कर्जात लोटणे हे उत्तर नव्हे. निम्मी वाट इथेच चालता येते. हांगुल लिपी सोपी आहे, आणि क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते.

नातीने जाणे वर्षभर पुढे ढकलले आहे. सध्या घरीच अक्षरे गिरवते. तुमच्या ओळखीचे कोणी निघाले असेल, तर पैसे भरण्यापूर्वी त्या सहा महिन्यांचे जरूर सांगा.