संगीत मोजायचे नसते?

गेल्या महिन्यात सांगलीहून बाबांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि पंचवीस वर्षांत जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या सीडी हेच त्यांचे ऐश्वर्य. जुना सीडी प्लेअर अडखळू लागला म्हणून ते नवा पाहायला गेले. विक्रेत्याने सव्वा लाखाचा प्लेअर ऐकवला आणि सांगितले, "काका, इतकी वर्षे तुम्ही अर्धेच गाणे ऐकत होतात." बाबा मला विचारत होते, मुदत ठेव मोडू का?

मी भौतिकशास्त्राचा संशोधक आहे. या प्रश्नावर मौन पाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, म्हणून हे लिहितो आहे. माझे म्हणणे असे: सुस्थितीतील, नीट बनवलेल्या दोन सीडी प्लेअरच्या आवाजात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, असा दावा करणाऱ्याने तो डोळ्यांआड सिद्ध करावा, अन्यथा त्याबद्दल पैसे मागू नयेत.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, नोंदलेले असतात. नमुना-सिद्धान्तानुसार एवढ्या नमुन्यांतून सुमारे २२,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी पुन्हा उभा करता येतो; निरोगी तरुण कानाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्‌झ असते आणि वयोमानाने ती घटत जाते. तबकडीवर ओरखडा असला तरी त्रुटी-दुरुस्तीच्या संकेतपद्धतीमुळे बहुतेक आकडे अचूक परत मिळतात. हे आकडे आधी स्मृतीत साठतात आणि मग स्फटिक-घड्याळाच्या तालावर बाहेर पडतात. त्यामुळे तबकडी फिरवणाऱ्या मोटरचा डगमगाट गाण्यात उतरत नाही. स्वस्त यंत्रात अर्धे गाणे आणि महागड्यात पूर्ण, अशी वाटणी इथे संभवतच नाही.

मग दुकानात फरक जाणवतो तो कसा? बाबांचे कान खोटे बोलले का? नाही. एका यंत्रातून २ व्होल्टचा संकेत येत असेल आणि दुसऱ्यातून २.३ व्होल्टचा, तर दुसरे सुमारे १.२ डेसिबलने मोठे वाजते. एवढा अल्प फरक 'मोठा आवाज' म्हणून नव्हे, तर 'खुलेपणा', 'खोली', 'जिवंतपणा' म्हणून जाणवतो. त्यात समोर झळकणारी किमतीची पाटी आणि विक्रेत्याचे आर्जव यांची भर पडते.

यावर उपाय सोपा आहे. मल्टिमीटरने दोन्ही यंत्रांची पातळी जुळवा, यंत्रे पडद्याआड ठेवा, कोणते वाजते आहे हे श्रोत्याला कळू देऊ नका आणि सोळा वेळा ओळखायला सांगा. केवळ अंदाजाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. तेवढी बरोबर आली, तर फरक आहे असे मी आनंदाने मान्य करीन.

अशा चाचण्या झालेल्या आहेत. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली उच्च-क्षमतेच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी तेवढीच आली असती. जोशुआ राइस यांच्या २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात अशा चाचण्यांत ५२.३ टक्के यश आढळले आणि प्रशिक्षित श्रोत्यांना अधिक. हा निष्कर्षही मी लपवत नाही. पण तो सीडी आणि सीडीहून वरच्या दर्जाच्या ध्वनीमधला फरक आहे. तोच इतका सूक्ष्म असेल, तर एकच सीडी वाजवणाऱ्या दोन यंत्रांत 'अर्धे गाणे' कुठून हरवणार?

यंत्रायंत्रांत भेद नसतोच, असे मी म्हणत नाही. भिंग मळते, लेझर क्षीण होतो, एखाद्या सदोष मांडणीत गुणगुण ऐकू येते. हे दोष मोजता येतात आणि बहुधा दुरुस्तही होतात. ज्याला आवाज खरोखर सुधारायचा आहे, त्याने पैसा स्पीकरवर आणि खोलीच्या पडद्या-गालिच्यांवर खर्चावा; तिथले फरक शेजाऱ्यालाही ऐकू येतात.

मी त्या दुकानात जाऊन पातळी जुळवून पडद्याआडची चाचणी घेण्याची विनंती केली. उत्तर मिळाले, "साहेब, संगीत मोजायचे नसते, अनुभवायचे असते." या वाक्यापुढे भलेभले नमतात. प्रयोगशाळेत पाच सिग्मांखाली शोध न मानणारे माझे काही सहकारीही घरी मात्र असल्याच वाक्यावर लाखो रुपये मोजतात. ज्यांच्या शोधाच्या स्मरणार्थ आपण २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात तंबोरा, वीणा आणि मृदंग यांच्या स्वरांचे भौतिकशास्त्र शोधले. त्यांच्या मोजमापाने तंबोऱ्याची जवारी बेसूर झाली नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. ते कर्तव्य दुकानाच्या उंबरठ्यावर संपत नाही.

मुदत ठेव मोडली नाही. गावातल्याच एका कारागिराने जुन्या प्लेअरचे भिंग पुसून रूळाला वंगण दिले. काल रात्री बाबांनी फोन केला आणि काही न बोलता रिसीव्हर स्पीकरजवळ धरला. गाणे पूर्ण होते.