तीन दगडांचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराहून परतलेल्या विद्यार्थ्याला 'काय केलेत?' असे विचारावे, तर तो बंधाऱ्याची लांबी सांगतो. आमच्या अहवालातही वनराई बंधारा आहे, शोषखड्डे आहेत, ग्रामसर्वेक्षण आहे. नाही ती फक्त चूल. सात दिवस साठ माणसांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या चुलीला त्यात एक ओळही मिळाली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या दिवशी कामाची वाटणी झाली. ती सरांनी केली नाही, आम्ही विद्यार्थ्यांनीच केली, हे आधी कबूल करतो. मुलांनी कुदळी-फावडी उचलली आणि मुलींनी आपण होऊन पराती ओढल्या. 'आपण होऊन' हे शब्द तेव्हा मी बिनदिक्कत वापरत होतो. 'नॉट मी बट यू' हे योजनेचे ब्रीद आम्ही मुलांनी स्वयंपाकाच्या बाबतीत तरी अक्षरशः पाळले!

चौथ्या दिवशी मुली गावातील बायकांच्या सर्वेक्षणाला गेल्या आणि दुपारचा स्वयंपाक आम्हा बारा जणांवर आला. मी खेड्यातला, घरी आजही चूल. साहजिकच सर्वांनी माझ्याकडे पाहिले आणि मीही छाती पुढे काढली. भातासाठी वेगळी चूल मांडायची म्हणून ओढ्यातले गुळगुळीत दगड मीच निवडून आणले. पाण्यातल्या दगडात पाणी मुरलेले असते, जाळ लागला की त्याची वाफ होते आणि दगड फुटतो, हे मला कुठे ठाऊक! थोड्या वेळाने फटाक्यासारखा आवाज झाला आणि पातेले कलंडले. सुदैवाने कोणी भाजले नाही. पुन्हा तांदूळ धुतले. सरपणही मीच आणलेले, पांगाऱ्याचे. तोडायला सोपे म्हणून आणले, ते जळेना, नुसते धुमसत राहिले. साडेतीन वाजता, खाली लागलेला आणि वर कच्चा असा भात सर्वांनी मुकाट्याने खाल्ला.

बाभळीचे वाळके लाकूड निखारा धरते. भाताला जाळ हवा तो उकळी येईपर्यंतच. मग लाकडे मागे ओढायची आणि निखाऱ्यावर भात मुरू द्यायचा. भाकरीला दोन्ही लागते, तव्याखाली एकसारखा जाळ आणि पुढ्यात ती फुगायला आर. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला की काजळी मातीबरोबर धुऊन निघते. हे सारे त्या संध्याकाळी एका वर्गभगिनीने मला सांगितले आणि शेवटी विचारले, "तुझ्या घरी चूल आहे ना रे?"

आहे. एकोणीस वर्षे त्या चुलीपुढे मी ताट घेऊन बसलो, चुलीकडे पाहिले नाही. उलट प्रथम वर्षाला असताना सदऱ्याला येणाऱ्या धुराच्या वासाची मला लाज वाटे. एस.टी.त मी खिडकीशी जागा धरी, ती त्यासाठी. शिबिरात शहरातले मित्र तोच वास हुंगून 'वा, काय मजा!' म्हणत होते. हमरस्त्यावर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागतात, त्या अशांसाठीच. त्यांचा मला राग नाही. सात दिवसांची चूल मजेचीच असते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुढे आमच्याही घरी सिलिंडर आला. पण तो राखून ठेवलेला, पाहुण्यांसाठी आणि पावसाळ्यात सरपण भिजते त्या दिवसांसाठी. एरवी आईच्या हातात फुंकणी.

शिबिराहून आल्यावर मी तिला विचारले, "आई, रोज किती वेळ जातो गं तुझा चुलीपुढं?"

ती म्हणाली, "ते काय मोजायचं असतं व्हय?"

मोजायचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम मोजून भरावे लागते. मुली पहाटे ५ ते ८ चुलीपुढे होत्या आणि संध्याकाळी पुन्हा ५ ते ८. सात दिवसांचे हे चाळीस तासांच्या घरात जातात, म्हणजे वर्षाच्या कामाचा तिसरा हिस्सा. मधल्या वेळात त्या बंधाऱ्यावर आमच्याबरोबर मातीही वाहत होत्या. नोंदवहीत 'श्रमदान' या रकान्यात प्रत्येकाचे चार-चार तास पडले, मातीचेच. चुलीचा तास एकही नाही. ती नोंदवही माझ्या हाती होती.

कोणी म्हणेल, आचारी सांगा, गॅसची शेगडी न्या. शेगडी जरूर न्यावी. धुराने डोळे चुरचुरतात, छाती भरते, त्यात गौरव करण्यासारखे काही नाही. परंतु आचारी नको. दुसऱ्याच्या गावात जाऊन श्रमाची प्रतिष्ठा सांगायची आणि आपले जेवण मात्र विकतच्या हातांनी रांधवून घ्यायचे, हे मला पटत नाही. प्रत्येक गटात मुलगे-मुली सारखे असावेत, स्वयंपाकाची पाळी सर्वांवर यावी आणि ते तास श्रमदानाच्या त्याच रकान्यात मांडले जावेत. आमच्या प्राध्यापकांनीही एखादी पाळी घ्यावी, ही नम्र सूचना!

पुढच्या शिबिरासाठी पहिल्या दिवसाच्या चुलीला मी माझे नाव लावून ठेवले आहे. भात जमेल. भाकरी आई शिकवते आहे. अजून ती परातीतून तव्यावर जाईपर्यंत तुटते आणि आई तोंडाला पदर लावून हसते. दगड मात्र या खेपेला ओढ्यातले आणणार नाही.