वरातीतला सॅक्सोफोन

गेल्या लग्नसराईत हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत एका वरातीपुढे बॅण्ड लावला होता. मंडपामागे एक वयस्कर सॅक्सोफोनवादक रीड जिभेवर ओली करत बसला होता. वाद्याच्या एका चावीची स्प्रिंग गेलेली. तिथे त्याने रबर गुंडाळले होते. वरात हलली आणि त्याने 'रूप तेरा मस्ताना' धरले. सूर असा ओढ घेत आला की शेजारचा ताशा नकोसा झाला. १९६९ च्या मूळ गाण्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. त्या काळच्या तबकड्यांवर गायक-संगीतकारांची नावे असत, वादकांची नसत.

नाचायला लावते ते हलके, हा समज एकट्या आपल्याकडचा नाही. अमेरिकेत सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनचा 'अॅलिगेटर बोगालू' हा अल्बम १९६७ मध्ये ब्लू नोट कंपनीने काढला. १९५४ मध्ये बर्डलँड क्लबात आर्ट ब्लेकी, क्लिफर्ड ब्राउन यांच्या बरोबरीने अवघड, वेगवान बीबॉप वाजवलेला हा माणूस. आता साथीला लॉनी स्मिथचा ऑर्गन, जॉर्ज बेन्सनची गिटार आणि ठेका ब्लूजचा, चर्चमधल्या गाण्याचा. आमच्याकडच्या नरसी गावच्या दिंडीत पाय आपोआप उचलले जातात, तसे हे सोल-जॅझ. लोकांनी ते डोक्यावर घेतले आणि कित्येक समीक्षकांनी ही सगळी धाटणीच बाजारू ठरवली. माझ्या मते तो निवाडा कानांनी केलेला नव्हता, खपाकडे बघून केलेला होता. पुढे हिप-हॉपवाल्या पोरांनी त्याच्या त्याच काळातल्या तबकड्यांतले ठेके उचलून नवी गाणी केली. २०१३ मध्ये 'जॅझ मास्टर' हा अमेरिकेचा जॅझमधला सर्वोच्च सरकारी सन्मान त्याला मिळाला, तेव्हा तो ८६ वर्षांचा होता.

त्याच्या तबकड्या तरी होत्या. लोकांचे कान बदलले तेव्हा ऐकायला काही शिल्लक होते. आमच्या बॅण्डवाल्यांचे काय? डीजेने त्यांच्या सुपाऱ्या पळवल्या, पोरे दुसऱ्या धंद्याला लागली, आणि चाळीस चाळीस वर्षे फुंकर घातलेले सूर कुठेही नोंदलेले नाहीत. 'बॅण्डवाला' एवढीच त्यांची ओळख. आकाशवाणीच्या परभणी केंद्राने हिंगोली जिल्ह्यातल्या या वादकांना तासभर माइकपुढे बसवावे आणि प्रत्येकाचे नाव सांगून वाजवू द्यावे. चातुर्मासात लग्नाच्या तिथी नसतात. त्यांना तेव्हा सवडच सवड असते.