एआयच्या सल्ल्याचं पक्कं बिल कोण देणार?



सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: "पानाचा फोटो टाका, एआय औषध सांगतंय." मोबाईलला माझा विरोध नाही. हवामान बघा, बाजारभाव बघा, योजनेचा जीआर सोप्या भाषेत समजून घ्या. पण फवारणीचा निर्णय त्याच्यावर सोडू नका.

कपाशीचा लाल्याच घ्या. फोटोत पान लाल दिसतं, बस. कारण काय? मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, रानात पाणी साचलं, रात्रीची थंडी वाढली, का तुडतुड्यांनी रस शोषला? त्यासाठी पान उलटून बघावं लागतं, मुळाशी माती हातात घ्यावी लागते. कारण चुकलं की औषध चुकलं. मग खर्चही गेला आणि बोंडंही गेली.

आणि गोष्ट नुसत्या पैशाची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. दोन-तीन औषधं मनानं एकत्र करणं किती धोक्याचं, हे आपल्याला माहीत आहे. एआय चुकीचं मिश्रणसुद्धा ठासून सांगू शकतं. पंप मात्र आपल्या नाहीतर आपल्या मजुराच्या पाठीवर असतो.

कोणी म्हणेल, कृषी केंद्रवाला तरी कुठं खरं सांगतो? त्याला जे खपवायचंय तेच तो देतो. असेलही. पण त्याच्याकडे परवाना असतो. पक्क्या बिलावर बॅच नंबर असतो. फसवलं तर ते बिल घेऊन तालुका कृषी कार्यालयात तक्रार करता येते. मोबाईलमधल्या सल्ल्याची तक्रार कुठं करायची?

राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीसाठी एआय धोरण आणलं, ५०० कोटी ठेवले. चांगलंच आहे. आता ग्रामसभेत, शिवारफेरीत कृषी अधिकाऱ्यांना एकच विचारा: सल्ला चुकला तर भरपाई कोण देणार? उत्तर लेखी मागा.

तोवर एआयला जरूर विचारा, पण डब्यावरचं लेबल वाचा. त्यावर आपल्या पिकाचं नाव नसेल तर ते औषध मारू नका. शंका आली तर कृषी विज्ञान केंद्रात रोपटंच घेऊन जा, फोटो नको. आणि मिळालेल्या सल्ल्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.